नव्या ठाण्यातील जुने पत्ते

मोठ्या बँकांच्या, विमा कंपन्यांच्या आणि दूरध्वनी-व्यवसायाच्या संगणकी कारभारात निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या हातांनी, निरनिराळ्या भाषांत रचलेल्या प्रणाली एकमेकींशी बोलू लागल्या, म्हणजे प्रत्येकीने प्रत्येकीचा पत्ता, बोली आणि लहरी ध्यानात ठेवण्यापेक्षा मध्ये एक सामाईक मध्यस्थ बसवावा, या विचारातून या शतकाच्या आरंभी ज्या यंत्रणा निर्माण झाल्या, त्यांना एंटरप्राइझ सर्व्हिस बस असे नाव पडले. बीईए कंपनीने 2005 साली ॲक्वालॉजिक सर्व्हिस बस म्हणून बाजारात आणलेली, आणि 2008 साली ती कंपनीच ओरॅकलने विकत घेतल्यावर ओरॅकल सर्व्हिस बस या नावाने नांदू लागलेली बस ही त्यांपैकीच एक. तिच्यावर केलेली रचना जार नावाच्या फाइलीत बांधून तपासणीच्या टेस्टमधून वापरणाऱ्यांच्या पसंतीसाठीच्या यूएटीत, यूएटीतून प्रत्यक्ष कामकाजाच्या प्रॉडमध्ये आणि कालांतराने एखाद्या अगदी नव्या डेटा सेंटरमध्ये नेण्याचा प्रसंग वारंवार येतो. आणि त्या प्रसंगी जो वाद पुण्यातल्या बहुतेक कचेऱ्यांतून कमीअधिक तारस्वरात ऐकू येतो, तोच पुढील संवादात मांडला आहे. अण्णा हे सर्व्हर सांभाळण्यात केस पांढरे झालेले गृहस्थ; नवे ठाणे, म्हणजे बस चालवण्याची नवी जागा, उभे राहिले की त्याचा ताबा आणि त्याची जबाबदारी त्यांच्याकडे येते. वसुधाबाई या बसवरील सेवा रचणाऱ्या चमूच्या प्रमुख. दोघांचेही परस्परांविषयी मत चांगले आहे, आणि म्हणूनच भांडणाला रंग चढतो.

अण्णा : वसुधाबाई, तुमच्या चमूकडून आलेला डिप्लॉयमेंटचा मजकूर वाचला. जार इम्पोर्ट करावी, कस्टमायझेशन फाइल चालवावी, सेशन ॲक्टिव्हेट करावे. तीन ओळींत नवे डेटा सेंटर उभे! इतका थोडक्यात आटोपलेला कारभार पाहिला की माझ्या मनात समाधानाऐवजी शंकाच आधी येते.

वसुधा : अण्णा, मजकूर थोडक्यात आहे, कारण जे करायचे ते आधीच करून ठेवले आहे. जी रचना टेस्टमध्ये तपासली गेली, तीच अक्षरशः प्रॉडमध्ये गेली पाहिजे, तिच्यात काना-मात्रेचाही फरक होता कामा नये, हे आमचे पहिले सूत्र. जागेजागी जे बदलते, म्हणजे पलीकडच्या सेवेचा पत्ता, वर्क मॅनेजरचे नाव, फाइल उचलण्याची डिरेक्टरी, ते सारे त्या रचनेतून वेगळे काढून एका फाइलीत नोंदवले आहे. ती फाइल आमच्या दप्तरात आवृत्तीवार जतन केलेली आहे; कोणी, कोणत्या तारखेला, कोणती किंमत बदलली हे तिथे पाहता येते. असे असता रात्री अकरा वाजता कोणीतरी कन्सोल उघडून, एकेका सेवेच्या पानावर जाऊन, पत्ते हाताने टंकित करीत बसावे, ही पद्धत आपण अजून का धरून ठेवावी?

अण्णा : हाताने टंकित करण्याचा मला छंद नाही. माझा आक्षेप निराळा आहे. ती फाइल लिहिणाऱ्याने हे नवे ठाणे डोळ्यांनी पाहिले आहे काय? तुमच्या टेस्टमध्ये एकच सर्व्हर आहे. इथे क्लस्टर आहे. फाइली उचलणारी तुमची जी प्रॉक्सी सेवा आहे, तिला टेस्टमध्ये कोणी विचारलेच नव्हते की पोलिंग कोणत्या मॅनेज्ड सर्व्हरने करावयाचे. क्लस्टरमध्ये ते सांगावेच लागते, आणि उचललेली फाइल जिथे ठेवायची, बिघडलेली जिथे टाकायची, त्या डिरेक्टऱ्या साऱ्या सर्व्हरांना सारख्या दिसाव्या लागतात. तुम्ही किमतींची यादी पाठवता. पण नवे ठाणे म्हणजे जुन्या ठाण्याच्या रकान्यांत नव्या किमती, एवढेच नसते. त्याची घडणच वेगळी असते, आणि जो रकाना जुन्या यादीत नव्हताच, तो तुमच्या फाइलीत कोठून येणार?

वसुधा : हा दोष यादीचा झाला, पद्धतीचा नव्हे. जो रकाना राहिला तो एकदा ध्यानात आला की फाइलीत कायमचा जाऊन बसतो आणि पुढच्या डेटा सेंटरच्या वेळी कोणाच्या स्मरणावर अवलंबून राहत नाही. उलट हाताने काम करणाऱ्याच्या ध्यानात आलेली गोष्ट त्याच्याबरोबर रजेवर जाते, आणि कधी कधी त्याच्याबरोबर दुसऱ्या कंपनीत जाते.

अण्णा : बरे, तेवढे मान्य. पण इम्पोर्टच्या पानावर जी एक खूण असते, आधीच्या एन्व्हायर्नमेंटच्या किमती जपून ठेवाव्यात अशा अर्थाची, तिच्यावर तुमच्या चमूतील मंडळींचा फार भरवसा दिसतो.

वसुधा : भरवसा अनाठायी नाही. ती आणि तिच्या शेजारच्या तशाच खुणा असल्या की प्रॉडमधल्या सेवेवर नवी आवृत्ती आली तरी तिथला पत्ता, तिथल्या ऑपरेशनल सेटिंग्ज, तिथली क्रेडेन्शियल्स जशीच्या तशी राहतात. महिन्याकाठी होणाऱ्या डिप्लॉयमेंट तिच्याच आधारावर बिनबोभाट पार पडतात.

अण्णा : बिनबोभाट हा शब्द तुम्ही वापरलात ते बरे झाले, कारण माझे सारे भय त्या एका शब्दात आहे. जपून ठेवायचे ते, जे आधीपासून तिथे आहे. नव्या ठाण्यात आधीचे असे काहीच नसते. तिथे ती खूण असून नसल्यासारखी. जपायला काही न सापडल्यामुळे बस जारमधलीच किंमत घेते, आणि जारमधली किंमत म्हणजे टेस्टचा पत्ता. जुन्या ठाण्यातही हेच होते, फक्त थोड्या प्रमाणात: चाळीस जुन्या सेवांबरोबर एक नवी सेवा आली, तर चाळिसांचे पत्ते शाबूत राहतात आणि एकेचाळिसावी मुकाट्याने टेस्टचा पत्ता घेऊन उभी राहते. ॲक्टिव्हेशन हिरवे होते, कोणी तक्रार करीत नाही, आणि प्रॉडमधल्या खऱ्या ग्राहकाची खरी विनंती टेस्टच्या खोट्या डेटाबेसमध्ये जाऊन, तिथून अत्यंत सभ्य असे यशस्वी उत्तर घेऊन परत येते.

वसुधा : म्हणूनच तर कस्टमायझेशन फाइल! इम्पोर्टनंतर ती चालवली की सगळे पत्ते बदलतात. तुम्ही सांगितलेला धोका खरा आहे, पण तो फाइलीविरुद्धचा पुरावा नसून फाइलीच्या बाजूचा आहे.

अण्णा : फाइलीत काय लिहिले आहे त्यावर ते अवलंबून. तिच्यात प्रत्येक सेवेच्या नावापुढे तिची किंमत लिहिता येते, तसाच शोधा आणि बदला हा सोपा मार्गही तिच्यात आहे. आणि माणूस घाईत असला की सोपा मार्गच घेतो. एका ठिकाणी जुन्या पत्त्यांतील ‘टेस्ट’ एवढी अक्षरे शोधून तिथे ‘लाइव्ह’ घालावे अशी एकच ओळ फाइलीत लिहिली होती. सर्व्हरांच्या नावांत ती अक्षरे होती, तेव्हा सर्व्हर सारे बदलले आणि मंडळी खूश झाली. परंतु दरपत्रक देणाऱ्या एका सेवेच्या पत्त्याच्या शेपटात ‘लेटेस्ट’ असे पद होते. यंत्राला शब्द कळत नाही, अक्षरे कळतात. त्याने ‘लेटेस्ट’चे ‘लेलाइव्ह’ करून टाकले. सर्व्हर बरोबर, पोर्ट बरोबर, सर्टिफिकेट बरोबर, आणि पलीकडून उत्तर येई की अशी जागा इथे नाही. तो दोष सापडेपर्यंत नेटवर्कवाले, डेटाबेसवाले आणि सुरक्षा विभाग या तिघांच्या तीन कैफियती लिहून झाल्या होत्या.

वसुधा : शोधा-आणि-बदलाचा मार्ग आमच्या चमूत मी बंद केला आहे, आणि तो उघडणाऱ्याची फाइल मी मंजूर करीत नाही. प्रत्येक सेवेला तिची ओळ, प्रत्येक ओळीला तिची पूर्ण किंमत. फाइल लांब होते हे खरे. पण लांब फाइल वाचता येते, आणि चतुर फाइलीचे परिणाम फक्त भोगता येतात.

अण्णा : उत्तम. मग आता जे फाइलीला दिसतच नाही त्याबद्दल बोलू. तुमच्याच एका पाइपलाइनमध्ये राउटिंग ऑप्शन्सखाली एक्सक्वेरीच्या ओळीत आख्खा पत्ता लिहून ठेवलेला मी पाहिला आहे. विनंतीतील शाखेचा क्रमांक पाहून ती ओळ पत्ता ठरवते. बसच्या दृष्टीने तो पत्ता नव्हेच. ते नुसते अवतरणचिन्हांतले अक्षर आहे. एन्व्हायर्नमेंटच्या किमतींत त्याची गणना होत नाही, शोधा-आणि-बदलाने तो सापडत नाही, आणि कस्टमायझेशन फाइल हजार ओळींची असली तरी त्याला स्पर्श करीत नाही.

वसुधा : तो आमचाच अपराध, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. जिथे पत्ता विनंती पाहून ठरवायचा असेल तिथे प्रत्येक शाखेसाठी वेगळी बिझनेस सर्व्हिस, म्हणजे पलीकडच्या सेवेचा पत्ता धरणारी नोंद, असावी आणि पाइपलाइनने फक्त त्या सर्व्हिसचे नाव निवडावे, म्हणजे पत्ता पुन्हा आपल्या जागी, फाइलीच्या टप्प्यात येतो. रचनेत नावे असावीत, पत्ते असू नयेत. हे माझे दुसरे सूत्र समजा.

अण्णा : हे सूत्र मला पहिल्याहून अधिक आवडले, कारण जारमध्ये जे कधीच येत नाही त्यालाही ते लागू पडते. डेटा सोर्स, जेएमएसच्या क्यू, कनेक्शन फॅक्टरी, वर्क मॅनेजर, कीस्टोअर हे सारे बसच्या खाली असलेल्या वेबलॉजिकच्या डोमेनचे. तुमची जार त्यांचा उल्लेख करते, पण त्यांना जन्म देत नाही. तो बंदोबस्त मला आधी करावा लागतो. आणि यांतही काही गोष्टी अशा आहेत की त्या नसल्याचे लगेच कळत नाही. पाइपलाइनमधून डेटाबेसला थेट प्रश्न विचारणारे जे एक्झिक्यूट-एसक्यूएल फंक्शन तुम्ही वापरता, ते डेटा सोर्सचे नाव आयत्या वेळी शोधते. नाव नसले तरी इम्पोर्ट होतो, ॲक्टिव्हेशन होते, दुसऱ्या दिवशी सकाळी कामकाज सुरू होते, आणि पहिली विनंती आली की सेवा कोसळते. दूरध्वनी तेव्हा मला येतो, तुम्हाला येत नाही.

वसुधा : म्हणूनच माझी विनंती अशी, की डेटा सोर्सचे जेएनडीआय नाव टेस्टपासून प्रॉडपर्यंत एकच असू द्या. त्या नावामागे टेस्टमध्ये टेस्टचा डेटाबेस आणि प्रॉडमध्ये प्रॉडचा. ज्याच्या नावातच ‘टेस्ट’ आहे असा डेटा सोर्स तुमच्या आधीच्या मंडळींनी करून ठेवला, आणि त्यामुळे जी किंमत फाइलीत येण्याचे कारणच नव्हते ती फाइलीत आली.

अण्णा : ती तक्रार रास्त आहे, ते नाव बदलण्याची तजवीज करतो.

वसुधा : आणि तुमची जी एकंदर भूमिका आहे की जागेवरच्या माणसाच्या हाताला पर्याय नाही, तिच्याविरुद्ध मी एकच उदाहरण देते. नाइट कॅपिटल ही अमेरिकेतील शेअर-व्यवहार करणारी त्या काळची मोठी पेढी. 1 ऑगस्ट 2012 रोजी न्यूयॉर्क शेअर बाजारात सुरू होणाऱ्या एका नव्या योजनेसाठी तिने आपल्या आठ सर्व्हरांवर नवी रचना चढवली. चढवणाऱ्या माणसाने ती सातांवर चढवली आणि आठव्यावर चढवायची राहून गेली. नव्या रचनेत एका जुन्याच खुणेला नवा अर्थ दिलेला होता. आठव्या सर्व्हरवर त्याच खुणेने वर्षानुवर्षे निद्रिस्त असलेली जुनी रचना जागी केली. बाजार उघडला, आणि 45 मिनिटांत त्या पेढीने 154 कंपन्यांच्या शेअरांत 40 लाखांहून अधिक व्यवहार करून 46 कोटी डॉलरहून अधिक रक्कम गमावली. ती काही सर्व्हिस बस नव्हती हे मला ठाऊक आहे. पण आठ ठिकाणी तेच काम हाताने करणाऱ्या माणसाकडून एक ठिकाण राहून जाणे, हे माणसाच्या स्वभावातच आहे. स्क्रिप्टने आठही सर्व्हर केले असते.

अण्णा : नाइट कॅपिटलचा निवाडा मीही वाचला आहे, आणि माझ्या ध्यानात त्यातली दुसरीच गोष्ट राहिली. अमेरिकेच्या रोखे आयोगाने 2013 साली जो हुकूम काढला, त्यात असे नमूद आहे की केलेले काम दुसऱ्या तंत्रज्ञाने तपासलेले नव्हते, आणि असे तपासावे असा लेखी नियमही त्या पेढीत नव्हता. एकाने चढवले आणि दुसऱ्याने रुजुवात घेतली नाही, हे खरे कारण. उद्या तुमची स्क्रिप्ट आठ सर्व्हरांची यादी वाचून चालली आणि त्या यादीत सातच नावे असली, तर ती तितक्याच निष्ठेने सातांवर काम करील, आणि शेवटी यशस्वी झाल्याची ओळ छापील. स्क्रिप्ट विसरत नाही हे खरे. पण तिला जे सांगितलेच गेले नाही त्याची तिला खंतही नसते.

वसुधा : म्हणजे एकाच पंचनाम्यातून आपण दोघांनी दोन निष्कर्ष काढले.

अण्णा : आणि मला वाटते, दोन्ही खरे आहेत. तुमच्या फाइलीची तुलना मी पंचांगाशी करतो. गणित एकदाच होते आणि ते सर्वांना सारखेच असते. पण सूर्योदय एका शहराचा धरलेला असतो, म्हणून इतर गावांसाठी किती मिनिटे मिळवावी वा वजा करावी याचे कोष्टक जोडलेले असते. गणित बिघडवण्याचा अधिकार गावच्या जोशीबुवांना नाही, हे तुमचे म्हणणे. परंतु ते कोष्टक ज्ञात गावांपुरतेच असते. नवे गाव वसले तर त्याचे अक्षांश-रेखांश कोणीतरी जागेवर जाऊन घ्यावे लागतात. छापखान्यात बसून ते अंदाजाने भरता येत नाहीत.

वसुधा : दृष्टांत मान्य. पण मग असे करा की जागेवर घेतलेले अक्षांश-रेखांश जोशीबुवांच्या वहीत राहू नयेत. ते कोष्टकात छापले जावेत. तुम्हाला किंमत ठरवण्याचा अधिकार हवा, तो घ्या; मी फक्त एवढेच म्हणते की ती किंमत कन्सोलमध्ये लिहू नका, फाइलीत लिहा, आणि फाइलीतून कन्सोलमध्ये जाऊ द्या.

अण्णा : प्रत्येक किंमत माझीच असे मी म्हणत नाही. कोणती किंमत कोणाची, हा प्रश्न आपण कधी नीट विचारलाच नाही असे मला वाटते. टाइमआउटचेच पाहा. तुमच्या तीन बिझनेस सर्व्हिसेसमध्ये टाइमआउट शून्य आहे. लिहिणाऱ्याला वाटले असावे की काही लिहिले नाही म्हणजे शून्य. बस शून्याचा अर्थ असा घेते, की मर्यादाच नाही. पलीकडची सेवा अडकली तर इकडचा धागा (थ्रेड) तिच्या दारात अनंतकाळ उभा. टेस्टमध्ये दिवसाला पन्नास विनंत्या, तेव्हा ते कोणाच्या ध्यानात आले नाही. इथे सेकंदाला पन्नास आल्या तर काही मिनिटांत सगळे धागे त्या एका दारात उभे राहतील, आणि ज्यांचा त्या सेवेशी काडीमात्र संबंध नाही अशा सेवाही बंद पडतील.

वसुधा : ते शून्य आमच्या निष्काळजीपणाचे. ते जाईल. पण टाइमआउटची किंमत कोणाची यावर माझे मत असे, की ती करारातून निघते. पलीकडच्या सेवेने दहा सेकंदांत उत्तर देण्याचे कबूल केले असेल, तर टेस्टमध्येही दहा आणि प्रॉडमध्येही दहाच हवे. टेस्टमध्ये सैल ठेवून प्रॉडमध्ये आवळले, तर टेस्ट कशाची केली?

अण्णा : करारात दहा आहे, पण नवे डेटा सेंटर समुद्रापलीकडे आहे आणि मध्ये दोन फायरवॉल आहेत, हे करार लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हते. ती किंमत मला थोडी हलवावी लागेल. पुन्हा प्रयत्न किती वेळा करावा, त्या किमतीबद्दल मात्र मी तुमच्यापुढे हात जोडतो. रक्कम वर्ग करणारी सेवा उत्तर आले नाही म्हणून पुन्हा तीन वेळा बोलवावी काय, हे मला सर्व्हर पाहून कळणार नाही. पहिली विनंती पोहोचून फक्त उत्तर हरवले असेल, तर ग्राहकाच्या खात्यातून रक्कम पुन्हा जाईल. तीच विनंती दोनदा आली तरी परिणाम एकदाच होईल अशी पलीकडच्या सेवेची घडण आहे की नाही, हे तिच्याशी बोलणारी रचना ज्याने केली त्यालाच ठाऊक.

वसुधा : मग नियम आपोआप निघाला की! ज्याला जे खरोखर ठाऊक आहे, त्याच्या अखत्यारीत ती किंमत. पुनःप्रयत्नांची संख्या रचनेच्या अर्थावर अवलंबून, म्हणून ती जारमध्ये राहील आणि कोठेही बदलणार नाही. पत्ते, पोलिंगचा सर्व्हर, डिरेक्टऱ्या, वर्क मॅनेजर तुमच्याकडे. त्या किमती फाइलीत आणि तुमच्या सहीने. टाइमआउट आम्ही सुचवू, तुम्ही जागेवर मोजून कायम कराल.

अण्णा : आणि पासवर्ड?

वसुधा : पासवर्ड कोणाच्याच फाइलीत नकोत. सर्व्हिस अकाउंट जारमध्ये नावापुरते येतील. प्रॉडचा पासवर्ड मला ठाऊक असण्याचे कारण नाही आणि मला तो कळूही नये. तुमची स्क्रिप्ट डिप्लॉयमेंटच्या वेळी तिजोरीतून तो घेईल आणि लावील.

अण्णा : जारमध्ये टेस्टचे पासवर्ड मात्र येऊ देऊ नका. एक्स्पोर्ट करताना पासफ्रेज देऊन ते गुप्त करता येतात हे मी जाणतो. पण गुप्त केलेला टेस्टचा पासवर्डही प्रॉडमध्ये पोहोचतोच, आणि टेस्टचा पत्ता व टेस्टचा पासवर्ड असे दोघे बरोबर पोहोचले की चूक निर्विघ्न पार पडते. पत्ता एकटा आला असता तर पलीकडे दार उघडले नसते आणि मला लगेच कळले असते.

वसुधा : अण्णा, इतका वेळ तुम्ही निरनिराळ्या उदाहरणांनी एकच गोष्ट सांगता आहात असे मला वाटू लागले आहे. किंमत नसली तर तुम्हाला भीती वाटत नाही; दुसऱ्या ठाण्याची किंमत इथे चालू शकते, याची वाटते.

अण्णा : बरोबर ओळखलेत. रिकामी जागा बरी. परकी किंमत नको. रिकामी जागा ओरडते. परकी किंमत बिनबोभाट चालते, आणि ती सापडेपर्यंत महिन्याच्या अखेरचा हिशेब जुळत नसतो.

वसुधा : तर मग जारमध्ये टेस्टचे पत्ते ठेवायचेच कशाला? आजवर आम्ही टेस्टचे पत्ते जारमध्ये ठेवले आणि इतर ठाण्यांसाठी फाइल केली. टेस्टलाही फाइल करू. बिझनेस सर्व्हिसला पत्ता दिल्यावाचून बस पुढे जाऊ देत नाही, हे खरे. पण तो पत्ता जिथे कोणीही राहत नाही असा देता येतो. 1999 सालच्या आरएफसी 2606 या दस्तात ‘डॉट इनव्हॅलिड’ हा शेवट अशाच कामासाठी राखून ठेवला आहे. त्या नावाचा सर्व्हर जगात कधीही नोंदला जाणार नाही. जारमध्ये प्रत्येक सेवेला तसा पत्ता घालू, शेपटाशी सेवेचे नाव जोडू. फाइलीतली एखादी ओळ राहिली तर पहिल्याच विनंतीला सेवा पडेल, आणि लॉगमध्ये कोणाची ओळ राहिली तेही लिहिलेले असेल.

अण्णा : हे मला मनापासून पटले. त्याला माझी एक जोड. प्रॉडच्या सर्व्हरांवरून टेस्टकडे जाणारी वाट फायरवॉलवर बंद करून घेतो. आज ती उघडी आहे, कारण कोणीतरी केव्हातरी तिथून फाइल आणण्यासाठी ती मागून घेतली होती. म्हणजे तुमची शिस्त ढळली आणि टेस्टचा पत्ता येऊन बसलाच, तरी तो यशस्वी उत्तर आणू शकणार नाही.

वसुधा : आणि डिप्लॉयमेंटनंतर पहिल्या विनंतीची वाट पाहत बसायचे नाही. प्रत्येक सेवेचा पत्ता उघडतो की नाही, प्रत्येक जेएनडीआय नाव सापडते की नाही, एवढे पाहणारी एक छोटी स्क्रिप्ट मी देते. ती चालल्याशिवाय दार उघडायचे नाही.

अण्णा : ती मी चालवीन. फाइलही मी चालवीन. पण चालवण्यापूर्वी आधीची फाइल आणि नवी फाइल यांतला फरक माझ्यासमोर आला पाहिजे, आणि तो पाहून मी सही केली पाहिजे. सही म्हणजे नुसता होकार नव्हे; ज्या ओळी माझ्या अखत्यारीतल्या आहेत त्यांची प्रत्यक्ष ठाण्याशी घेतलेली रुजुवात.

वसुधा : कबूल. माझी अट एवढीच, की पहाटे तीन वाजता एखादी सेवा पडली आणि तुम्हाला कन्सोल उघडून पत्ता बदलावा लागला, तर जरूर बदला. त्या वेळी मला विचारत बसू नका. पण सकाळ होण्यापूर्वी तो बदल फाइलीत आला पाहिजे. नाही आला, तर पुढच्या डिप्लॉयमेंटला आमचीच फाइल तुमची दुरुस्ती पुसून टाकील, आणि मग मी फाइलीची बाजू घेईन आणि तुम्ही हाताची, आणि हा वाद आपण पहिल्यापासून घालू.

अण्णा : अट जाचक आहे, पण न्याय्य आहे. सकाळ होण्यापूर्वी म्हणू नका. बारा तास द्या. पहाटे तीनला जागलेला माणूस सहा वाजता जी नोंद करील तिच्यावर माझा स्वतःचाच विश्वास नाही.

वसुधा : बारा तास दिले. परंतु या नव्या डेटा सेंटरची फाइल उद्याच्या उद्या हवी. पोलिंगचा सर्व्हर, डिरेक्टऱ्या आणि टाइमआउटच्या मोजलेल्या किमती तुमच्याकडून आल्याशिवाय मी ती पुढे सरकू देणार नाही.

अण्णा : आणि जारमधले पत्ते ‘डॉट इनव्हॅलिड’ झाल्याशिवाय मी जार इम्पोर्ट करणार नाही. शनिवारची तारीख लिहून ठेवा. त्याआधी शून्याचे तीन टाइमआउट तेवढे काढा.